‘त्याला विचार’: ऐरोलीतल्या एका ख्रिस्ती घराचा तीन पिढ्यांचा अबोला

रात्रीचे साडेनऊ. ऐरोलीत सिडकोच्या जुन्या वसाहतीतलं घर. चौघं जेवायला बसलेत. बाप बायकोला म्हणतो, “त्याला विचार, शनिवारी क्लास आहे का.” ‘तो’ म्हणजे 13 वर्षांचा मुलगा, बापाच्या डाव्या हाताला, ताटाला ताट लागेल इतका जवळ बसलेला. मुलगा आईकडे बघत उत्तर देतो, “त्यांना सांग, आहे म्हणून.” आई दोघांचेही निरोप पुन्हा उच्चारत नाही. वरण वाढते. निरोप पोचलेला असतो, फक्त कोणी कोणाशी बोललेलं नसतं.

आजी हे पाहत असते. दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या पाळकसाहेबांना फोन करून म्हणते, “हे मी आधी पाहिलंय. माझ्या सासऱ्यांच्या घरात.”

प्रकरण इथून सुरू होतं. हे घर हुबेहूब कुठल्या एका कुटुंबाचं नाही. ठाणे-नवी मुंबईच्या मराठी ख्रिस्ती घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते बेतलं आहे, आणि रकमा हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. कायदा, शास्त्रातले संदर्भ आणि कामाच्या पायऱ्या मात्र खऱ्या.

घरातली माणसं

जेवणाच्या ताटावरल्या त्या बापाचे आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर. वडील 1970 च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यात लागले, पुढे ऐरोलीत घर घेतलं. दोन वर्षांपूर्वी वारले, मृत्युपत्र न करता. मागे आई, म्हणजे वरची आजी, वय 74. थोरला, म्हणजे तो ताटावरला बाप, 46 वर्षांचा, रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, बायको आणि दोन मुलांसह आईजवळ त्याच घरात राहतो. मधली बहीण नर्स आहे, डोंबिवलीला दिलेली. धाकटा 41 चा, कळव्यात एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान.

नाताळचे काही दिवस सोडले, तर थोरला आणि धाकटा 14 महिने एकमेकांशी बोललेले नाहीत. निमित्त वडिलांच्या दवाखान्याच्या बिलाचं. थोरला म्हणतो, सगळं मी भरलं. धाकटा म्हणतो, माझे दीड लाख 2017 पासून तुझ्याकडे आहेत, ते कुठे धरलेस? दोघं एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये येतात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच प्रभुभोजनाला पुढे जातात. एक उजवीकडच्या बाकांवर बसतो, दुसरा डावीकडच्या. मंडळीतल्या सगळ्यांना हे ठाऊक, आणि सगळे दोघांशीही गोड.

आधी काय करून झालं होतं

पहिला उपाय कोपरखैरण्यातल्या एका प्रार्थनागटाचा. तीन दिवस उपास, दाराच्या चौकटीला तेल, आणि ‘पिढीजात शाप’ तोडण्याची प्रार्थना. बाहेरून आलेल्या प्रचारकाने घरच्यांना पूर्वजांच्या मूर्तिपूजेचा धिक्कार करायला लावला. हे कुटुंब चार पिढ्या ख्रिस्ती आहे. अमेरिकन मिशनने नगरला काम सुरू केलं ते 1831 साली. आजीला आठवत असलेली सगळी भांडणं बाप्तिस्म्यानंतरची, प्रार्थना म्हणून जेवणाऱ्या माणसांची. त्यांचं खापर खापरपणजोबांच्या देवांवर फोडणं सोयीचं होतं, कारण ते उत्तर द्यायला येणार नव्हते. परिणाम असा झाला की दोन्ही भावांनी मनापासून प्रार्थना केली, आणि दोघांनीही शाप समोरच्यात आहे असं धरून केली.

दुसरा उपाय नाताळचा. आईने रडून दोघांना गळाभेट घ्यायला लावली. करंज्या खाल्ल्या, फोटो निघाला, बहिणीने तो स्टेटसला ठेवला. 6 जानेवारीपर्यंत टिकलं. मग सोसायटीच्या दुरुस्तीच्या वर्गणीवरून पुन्हा बंद. बिलाचा विषय जिथे होता तिथेच असताना मिठी घेतली की ती मिठी पुढच्या भांडणात पुरावा म्हणून वापरली जाते: “मी तर नाताळला सगळं विसरलो होतो, त्यानेच...”

तिसरा उपाय व्हॉट्सअ‍ॅपचा. थोरला सकाळी क्षमेवरचं वचन टाकायचा, धाकटा दुपारी लोभावरचं. याला उपाय म्हणावं की हत्यार, हे वाचकाने ठरवावं.

शास्त्र खरोखर काय म्हणतं

शापवाल्या प्रार्थनेचा आधार बायबलमधलं निर्गम 20:5 असतो: वडिलांच्या अन्यायाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. पुढचंच वचन हजार पिढ्यांवरच्या दयेचं आहे, ते सहसा वाचलं जात नाही. त्या काळी एका वाड्यात तीन-चार पिढ्या एकत्र राहत; बापाने चूल बिघडवली की पणतवंडाच्या ताटात धूर जाणारच. निर्गमातलं वाक्य असं व्यवहारातलंही आहे.

आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, ही म्हण इस्राएलात चालू होती. यहेज्केल 18 आणि यिर्मया 31 दोन्हीकडे देव सांगतो की ती यापुढे चालणार नाही; ज्याचं पाप त्याचा जबाब. यहेज्केलचा अख्खा अध्याय तीन पिढ्यांचं उदाहरण घेऊन चालतो: नीतिमान आजोबा, दुष्ट बाप, आणि बापाची सगळी कर्मं पाहूनही तसं न करणारा नातू. ‘पाहूनही तसं न करणारा’ हे तिथले महत्त्वाचे शब्द. नातवाला आधी पाहावं लागतं. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (1:18) वाडवडिलांकडून चालत आलेल्या पोकळ वागणुकीतून ख्रिस्ताने सोडवल्याचं लिहिलंय. पेत्राचा शब्द वागणुकीचा आहे. वागणूक म्हटली की ती कोणाची, कुठल्या दिवशी, कोणत्या वाक्यात, हे विचारता येतं. शाप म्हटलं की विचारता येत नाही.

या घराला लागू पडणारी गोष्ट उत्पत्तीत आहे, आणि पाळकसाहेबांनी बरोबर तीच काढली. योसेफाच्या भावांबद्दल 37:4 म्हणतं की ते त्याच्याशी सलोख्याने बोलू शकत नसत. अबोला. तिथून आठ अध्याय पुढे, 45:15 ला, योसेफ सगळ्या भावांना मिठी मारून रडतो, आणि त्यानंतर त्याचे भाऊ त्याच्याशी बोलू लागले असं नोंदवलेलं आहे. मधल्या अध्यायांत काय झालं ते पाहिलं पाहिजे. 42 मध्ये भाऊ आपसांत कबूल करतात की त्याने विनवणी केली तेव्हा आपण ऐकलं नाही. 44 मध्ये, ज्या यहूदाने भावाला विकायचं सुचवलं होतं, तोच धाकट्या भावाच्या जागी स्वतः गुलाम राहायला तयार होतो. मिठी त्याच्या पुढच्या अध्यायात येते. नाताळच्या गळाभेटीत हा क्रम उलटा झाला होता.

उलट टोकाचं घर दावीदाचं. दावीदाचा मुलगा अबशालोम भाऊ अम्नोनाशी बरं-वाईट एक अक्षर बोलला नाही (2 शमुवेल 13:22), आणि दोन वर्षांनी त्याला ठार केलं. पुढे तोच अबशालोम यरुशलेमेत दोन वर्षं राहिला, बापाचं तोंड न पाहता. एकाच गावात. ऐरोली ते कळवा अंतर किती असतं?

कागदावरचं घर

काम सुरू झालं ते प्रार्थनेने, पण पहिल्या बैठकीत भाऊ नव्हते. पाळकसाहेब, मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका आणि आई, इतकेच. टेबलावर चार्ट पेपर. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मेलेल्यावर फुली, लग्नाला आडवी रेघ, मुलांना उभ्या रेघा. नातं तुटलेलं असेल तर रेघेच्या मध्ये दोन छोटे काप. समुपदेशक हे चित्र नेहमी काढतात, आणि तुटलेल्या नात्याला मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी 1970 च्या दशकात आपल्या मांडणीत स्वतंत्र जागा दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस घरच्यांशी बोलणं तोडतो तेव्हा प्रश्न सुटत नाही, तो प्रश्न अंगावर घेऊन पुढच्या नात्यात शिरतो.

आईला तासभर लागला. चित्रात काप आले ते असे:

आजोबा आणि त्यांचा भाऊ. विहिरीच्या पाळीवरून. आजोबा वारले तेव्हा भाऊ गावात असूनही मातीला आला नाही.

वडील आणि त्यांची थोरली बहीण. 1994 पासून. ती आता 78 वर्षांची, जालन्याला असते. कारण विचारलं तर आई आधी म्हणाली, “तिचं तोंड फार.” मग थोडं थांबून, “तिने सासऱ्यांच्या जमिनीतला हिस्सा मागितला होता.”

थोरला आणि धाकटा. 14 महिने.

थोरला आणि त्याचा मुलगा. इथे आईने पेन्सिल ठेवली.

शिक्षिकाबाईंनी एक गोष्ट टिपली, जी घरात कोणी टिपली नव्हती. प्रत्येक पिढीत अबोला पैशाच्या न मांडलेल्या हिशेबावरून सुरू झाला, आणि प्रत्येक पिढीत बहिणीचं काय हे विचारलं गेलंच नाही. आत्याने विचारलं तर तिलाच काढून टाकलं. आताच्या पिढीत बहीण निरोप्या होती: दादाचं धाकट्याला, धाकट्याचं दादाला. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली, रजेच्या दिवशी. तिचा हिस्सा किती, हा प्रश्न चार्ट पेपरवर पहिल्यांदा आला.

हिशेब पाळकाने करायचा नाही

लूक 12 मध्ये एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू नकार देतो: मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? मंडळीचे वडीलधारे इथे हमखास चुकतात. मध्यस्थ वाटणीत पडला की दोन महिन्यांत तो एका भावाचा माणूस ठरतो, आणि मग त्याची प्रार्थनाही एका बाजूची वाटते. म्हणून हिशेब ठाण्याच्या वकिलाकडे गेला. फी तिघांनी सारखी भरायची, ही अट. एकाने भरली तर वकीलही ‘त्याचा’ होतो.

वकिलाकडून कळलेल्या गोष्टी साध्या होत्या, आणि तिघांनाही माहीत नव्हत्या. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. बायको आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेल्या दोन तृतीयांशाचे मुलांमध्ये सारखे भाग. मुलगा-मुलगी फरक नाही, लग्न झालं-न झालं फरक नाही. जन्माने मिळणारा वडिलोपार्जित हक्कही ख्रिस्ती वारशात नाही. घराची किंमत 90 लाख धरली तर आईचे 30 लाख, आणि तिघा मुलांचे 20-20 लाख.

थोरल्याचा समज होता की सोसायटीत नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे, म्हणजे घर आपलं. नॉमिनी मालक नसतो. वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. हा समज ठाणे जिल्ह्यात किती घरं फोडतो ते कुठल्याही सोसायटीच्या सचिवाला विचारा.

मग बिल. थोरल्याने दवाखान्यात 4,62,000 भरले होते, पावत्या फाइलीत लावलेल्या. तिघांत वाटले तर प्रत्येकी 1,54,000. धाकट्याचे दीड लाख थोरल्याकडे. म्हणजे वजाबाकी करून धाकट्याचं देणं फक्त 4,000 निघालं. चौदा महिने, चार हजारांवरून. दोघंही वकिलाच्या टेबलाकडे बघत राहिले.

तेवढ्यात बहिणीने पर्समधून औषधांच्या दुकानाची पांढरी पिशवी काढली. आत रबर लावलेल्या चिठ्ठ्या. शेवटच्या सात महिन्यांची औषधं, 60,000 रुपये. तिने कधी मागितले नव्हते आणि कोणी विचारलं नव्हतं. हिशेब पुन्हा मांडला: एकूण 5,22,000, प्रत्येकी 1,74,000. बहिणीचं देणं 1,14,000, आणि धाकट्याचं, दीड लाख वजा करून, 24,000. रकमेपेक्षा ती पिशवी जास्त बोलली.

घर आई आहे तोवर विकायचं नाही, पुढे थोरल्याला घ्यायचं असेल तर त्या वेळच्या मूल्यांकनाने घ्यावं, असं ठरलं. वकिलाने ते कौटुंबिक समझोत्यात लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला लावलं. आईने आपल्या तृतीयांशाचं मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला मृत्युपत्रात काही दिलं असेल तर ते देणं रद्द ठरतं. म्हणून सून किंवा जावई साक्षीला बसवायचा नाही. शेजारची दोन माणसं आणली. ती वाटणीच्या बाहेरची होती, हेच हवं होतं.

कबुलीचा कागद

हिशेब मिटला म्हणून अबोला सुटत नाही. उलट आता लपायला बिल उरत नाही.

दोघा भावांना वेगवेगळं बसवून एक कागद लिहायला दिला. वरती नाव नाही, देवाला उद्देशून. चार रकाने: मी काय केलं, कधी, त्याचं समोरच्याला काय पडलं, मी काय भरून देईन. नियम एकच: ‘पण’ हा शब्द येता कामा नये. थोरल्याच्या पहिल्या खर्ड्यात ‘पण’ सात वेळा होता, धाकट्याच्यात चार. धाकट्याने ‘तरीही’ वापरून वाट काढली होती. ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर’ हेही चालत नाही. काही नव्हे, काय चुकलं ते लिहायचं.

तिसऱ्या खर्ड्यात थोरल्याचं एक वाक्य असं आलं: “पप्पांच्या स्मरणाच्या प्रार्थनेला मी धाकट्याला फोन केला नाही. मंडळीत विचारलं तेव्हा सांगितलं, त्याला जमलं नाही.” हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. ज्या कबुलीत समोरच्याला आधीपासून ठाऊक असलेल्याच गोष्टी असतात, ती बहुधा अर्धी असते.

मग क्रम: आधी पाळकाबरोबर देवापुढे, नंतर एकट्याने भावापुढे. मत्तय 18:15 म्हणतं, तू आणि तो एकटे असताना. आई नको, बहीण नको, गिटार नको. जागा कळव्याचं दुकान, शटर अर्धं खाली, वेळ 40 मिनिटं ठरवलेली. वाचून दाखवायचं, समोरच्याने ऐकायचं, उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही. ‘मी तुला क्षमा केली’ हे वाक्य मागून घ्यायचं नाही. ते देणाऱ्याने आपल्या वेळेला द्यायचं. जकातदार जक्कयाने चौपट परत देईन असं सांगितलं ते येशूच्या समोर, आणि रक्कम सांगून. थोरल्याने ‘भरून देईन’च्या रकान्यात लिहिलं होतं: येत्या वर्षश्राद्धाच्या ऐवजी जी स्मरणाची उपासना आपण करतो, तिथे वचन धाकटा वाचेल आणि तो का नव्हता हे मी मंडळीला सांगेन. ते त्याने केलं. चार वाक्यांत, मान खाली घालून.

प्रभुभोजनाचा प्रश्न इथे आला. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात पाळकाला सूचना आहे की ज्यांच्यात वैर दिसतं त्यांना समेट होईपर्यंत मेजाशी येऊ देऊ नये. ती आज कोणी क्वचितच पाळतं. पाळकसाहेबांनी बंदी घातली नाही. दोघांना मत्तय 5:23-24 (आधी भावाशी समेट, मग अर्पण) वाचून दाखवलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. धाकटा दोन महिने पुढे गेला नाही. थोरला गेला. आमच्या मते सूचना द्यायला पाळकाने 14 महिने लावले, ही या प्रकरणातली मंडळीची चूक.

बापाने मुलापुढे

यात सगळ्यात कमी वेळ लागला आणि सगळ्यात जास्त घाम फुटला. थोरल्याला सांगण्यात आलं की मुलाला बाहेर फिरायला, आइस्क्रीमला नेऊन हे करू नकोस. जिथे घडतं तिथेच, ताटावर. त्याने मुलाकडे बघून म्हटलं, “मी तुझ्याशी न बोलता मम्मीकडून विचारतो. ते चुकीचं आहे. माझे पप्पा असंच करायचे. तुझ्यात काही चूक आहे म्हणून नाही.” मुलगा म्हणाला, “बरं.” आणि पापड मागितला. बापाकडून.

बाप निराश झाला, त्याला वाटलं होतं मुलगा रडेल. मुलाकडून प्रतिसादाची अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्यावर दुसरं ओझं. इफिसकरांस 6:4 ची आज्ञा, मुलांना चिडीला आणू नका, बापाला आहे, मुलाला नाही.

रोजचा भाग

साखळी खरोखर तुटते ती रागाच्या पहिल्या तासात. या घरात ठरलेली पद्धत अशी. गप्प व्हायला मनाई नाही. रागात अंग तापलेलं असताना बोलून नुकसानच होतं, आणि शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. पण गप्प होण्याआधी परत यायची वेळ सांगायची. “आत्ता मी बोलू शकत नाही. उद्या संध्याकाळी सातला बोलतो.” वेळ सांगितलेली शांतता म्हणजे विसावा. न सांगितलेली म्हणजे शिक्षा. रागावर सूर्य मावळू नये हे इफिसकरांस 4:26 चं म्हणणं या घराने ‘मावळण्याआधी निदान वेळ तरी सांगा’ असं घेतलं. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला एवढी सवलत मान्य झाली असती का, हा प्रश्न शिक्षिकाबाईंनी विचारला, आणि कोणी उत्तर दिलं नाही.

दुसरा नियम बायकांसाठी. निरोप न्यायचा नाही. आई, वहिनी, ताई, तिघींचं वाक्य एकच: “हे तूच सांग.” सुरुवातीला फार जड गेलं, विशेषतः आईला. निरोप नेणं हेच तिचं घरातलं स्थान होतं, आणि ते सोडायचं म्हणजे हातातलं काम गेल्यासारखं. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरला भाऊ बापाला म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा’. बाप उत्तरात म्हणतो, ‘हा तुझा भाऊ’ (लूक 15:30, 32). आईने पाहिजे तर तेवढंच करायचं: ‘तो’ म्हटलं की ‘तुझा भाऊ’ म्हणून दुरुस्त करायचं.

तिसरी गोष्ट घरची प्रार्थना. आधी ती रात्री दहाला, थोरल्याची एकट्याची, 15 मिनिटांची आणि बरीचशी इतरांना ऐकवण्यासाठी असायची. “हे प्रभू, या घरातल्या हट्टी मनांना...” आता सहा मिनिटं, आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल एक वाक्य. दुसऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त आभार मानायला.

कुठे घसरलं

नवव्या आठवड्यात. धाकट्याने टेम्पो थोरल्याच्या सोसायटीत लावला, वॉचमनने हटकलं, थोरल्याने वॉचमनची बाजू घेतली. धाकटा तीन दिवस गप्प, फोन उचलला नाही, वेळही सांगितली नाही. चौथ्या दिवशी त्याने संदेश पाठवला: “वेळ सांगायची राहिली. रविवारी उपासनेनंतर.” 14 महिन्यांच्या जागी तीन दिवस. याला अपयश म्हणणाऱ्या घरांत लोक दुसऱ्याच घसरणीला सगळं सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं: अबोला पुन्हा होईल, मोजायचं ते इतकंच की परत यायला किती दिवस लागले.

थोरल्याची बायको मात्र अजून नाराज आहे. सहा वर्षं सासू-सासऱ्यांचं तिने केलं, त्याचा रकाना कोणत्याच कागदात नव्हता. तिचं बरोबर आहे. बहिणीने हिस्सा सोडला नाही, हक्कसोडपत्रावर सही करावी असं दोन नातेवाइकांनी सुचवूनही. त्यावरून मंडळीत थोडी कुजबुज झाली.

ही पद्धत जिथे मारहाण आहे तिथे वापरायची नाही. मारणाऱ्यासमोर कबुलीचा कागद वाचायला बसवणं धोक्याचं. तिथे आधी सुरक्षितता, 181 ची महिला हेल्पलाइन, मुलांसाठी 1098, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. आणि माणूस सगळ्यांशीच बोलणं टाकत असेल, झोप-जेवण गेलं असेल, तर तो अबोला नसून आजार असू शकतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मराठीतही बोलतो.

जालन्याचा फोन

चार्ट पेपरवरचा 1994 चा काप तसाच होता. वडील वारलेले, त्यामुळे त्यांची कबुली कोणी देऊ शकत नाही. मुलाने बापाच्या वतीने क्षमा मागणं म्हणजे दुसऱ्याच्या सहीने चेक फाडणं. पण आत्याचा हिस्सा मागणं रास्त होतं हे मुलं म्हणू शकतात, आणि फोन करू शकतात. तिघांनी ठरवलं, थोरल्याने करावा.

पहिल्यांदा तिने नाव ऐकून ठेवून दिला. आठवड्याने पुन्हा केला. या वेळी पलीकडून आधी काहीच नाही, मग म्हातारा आवाज: “कोण गेलं?”

त्या घरातून तिला तीस वर्षांत फोन आले ते फक्त मातीचे.

“कोणी नाही, आत्या. सहज केला.”

बोलणं चार मिनिटं चाललं. त्यातली तीन बाजरीच्या भावावर.